उन्हातली बर्फाची सुट्टी

रविवार, दुपार

प्रिय कोरिन,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी खुर्चीत बसशील आणि मग ते फोडशील, हे मला इथून दिसतंय. बस खुशाल, पण घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत. वकिलाचं काही नाही, घराच्या कागदांचंही काही नाही. फोनवर मला बोलता येत नाही हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? ‘हं’ आणि ‘बरं’ एवढ्यात माझा फोन संपतो आणि ठेवल्यावर सांगायचं सगळं आठवतं. म्हणून लिहायला बसलोय. आयली शेजारी वायनोकडे त्याच्या सौनाची, त्या वाफेच्या न्हाणीघराची, लाकडं रचायला गेली आहे. म्हाताऱ्याला आता वाकवत नाही आणि ते कबूलही करवत नाही. बाहेर बर्फाची बारीक भुरभुर चालू आहे, रस्ते साफ करायला गाडी काढावी अशी नाही.

शाळेच्या ऑफिसातल्या बेव्हने पालकांसाठी दरवर्षीसारखं पत्रक काढलंय, हिवाळा अर्धा झाला, आता एवढं लक्षात ठेवा, या छापाचं. तुलाही ईमेलने येत असेल. पण तिकडे टूसॉनमध्ये ऊन खात बसल्यावर कानटोपीच्या सूचना कोण वाचणार? आमच्याकडे ते फ्रिजवर लावलेलं होतं. ते काढून समोर ठेवलंय आणि एकेका सूचनेवरून लिहीत जाणार आहे. स्वतःहून कुठून सुरुवात करावी ते मला सुचत नाही, आणि आयलीच्या शाळेचा विषय असला की आपण दोघं अजूनही बरं बोलतो.

पहिली सूचना तुझ्या ओळखीची. मधल्या सुट्टीत मुलं बाहेर जाणारच, थंडी कितीही असो, तेव्हा टोपी, हातमोजे आणि बूट घालूनच पाठवा. बेव्हने ‘बूट’ शब्दाखाली रेघ मारली आहे. ती आमच्यासाठीच मारली असावी. आयलीचे बूट तिला लहान झाले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. थंडी पडल्यापासून ती माझे जुने बूट दोन-दोन मोजे चढवून घालत होती. मागच्या आठवड्यात नवे घ्यायला गेलो. मी चांगले, जाड तळाचे, वर लोकर लावलेले काढून दिले तर म्हणाली, “बाबा, इतके भारी कशाला? या हिवाळ्यापुरतेच तर हवेत.” मग स्वतःच दचकली आणि घाईघाईने म्हणाली, “म्हणजे पाय वाढतो ना माझा.” मी ‘हं’ म्हटलं. भारी बूटच घेतले.

दुसरी सूचना आठवीच्या पालकांना. मुलांचे नववीचे विषय ठरवून, आई किंवा वडिलांची सही घेऊन फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत शाळेत द्या, आणि मूल दुसऱ्या गावी जाणार असेल तर तसं कळवा. तर तो दिवस जवळ आला आहे. वेगळे होताना समुपदेशक बाईंसमोर आपलं काय ठरलं होतं ते मी विसरलेलो नाही. आठवी संपली की आयलीने स्वतः ठरवायचं, माझ्याजवळ राहून इथल्या हायस्कूलला जायचं की तुझ्याकडे यायचं. तोवर तू तिला ‘ये’ म्हणायचं नाही, मी ‘राहा’ म्हणायचं नाही. आपण दोघांनी माना डोलावल्या आणि दोघांनीही शब्द पाळला. लग्नाच्या सगळ्या वर्षांत आपण इतक्या एकमताने दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही.

नाताळच्या सुट्टीत ती तुझ्याकडे राहून आली तेव्हा मी विमानतळावर आणायला गेलो होतो. गाडीत बसल्यापासून तिचं तोंड चालू होतं. तुझ्या अंगणातलं मोसंब्यासारख्या मोठ्या फळांचं झाड. तिथल्या शाळेत कपाटं म्हणे उघड्यावरच, व्हरांड्यात असतात. तिथला बँड मैदानभर चालत चालत वाजवतो आणि त्यात तिच्यासारखे ट्रॉम्बोनवाले सगळ्यात पुढे असतात. तू तिला शाळेच्या कुंपणापाशी नेलं होतंस वाटतं, बोलली काही नसशील, पण नेलं होतंस. मला त्याचा राग नाही. पुलावरून गावात शिरेपर्यंत ती बोलत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि बटण बंद केल्यासारखी गप्प झाली. घरी आल्यावर तुझी फळांची पेटी तिने तळघरात ठेवली आणि नंतर तो विषय पुन्हा काढला नाही. मी तिला काही विचारायला हवं होतं. तेव्हा मला काही विचारावंसंच वाटत नव्हतं. ते कसं असतं हे तुला सांगायला नको. मी घरात असून घरात नसतो, असं तूच म्हणायचीस.

तिसरी सूचना बर्फाच्या सुट्टीबद्दल. सुट्टी असली तर शाळाच पहाटे कळवेल, सुट्टी द्यायचं काम मुख्याध्यापकांचंच आहे. हे वाक्य कोणासाठी आहे ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण यंदा शाळेने एक सुट्टी अशी दिली की लोक अजून त्यावर हसतात. तुला आयलीने हे सांगितलेलं नसणार.

पेनहेल मुख्याध्यापक झाल्यापासूनची पद्धत तुला माहीत आहेच. वादळाचा अंदाज असला की पहाटे आपल्या स्वयंपाकघरातला फोन वाजतो. गावातले रस्ते त्याला खिडकीतूनही दिसतात, पण टेकडीच्या रस्त्यावर माझी बर्फ काढायची गाडी जाऊन आल्याशिवाय तिकडची काही खबर मिळत नाही, आणि निम्म्या बस तिकडूनच येतात. मी ‘जातील’ म्हटलं की शाळा भरते, ‘नाही जाणार’ म्हटलं की भरत नाही. पोरांनाही हे पक्कं ठाऊक आहे. उलटा पायजमा घालून, उशीखाली चमचा ठेवून झोपतात बर्फ पडावा म्हणून, आणि सकाळी बस आली की दोष मला. दुकानात मला बघून सहावीच्या पोरी तोंड वाकडं करतात. हे सगळं मला आवडायचं. तू हसायचीस की गावात मला एवढाच काय तो मान आहे.

जानेवारीच्या सुरुवातीला मोठ्या वादळाचा अंदाज होता. त्या अफाट तळ्यावरून येणार, सगळं गाडून टाकणार, असं रेडिओवाला संध्याकाळपासून घसा कोरडा करत होता. पहाटे फोन वाजला तेव्हा मी जागाच होतो. मी खरं तर कामावर निघायला हवं होतं. पण अंथरुणावरून पाय खाली टाकायचे, एवढंच काम होतं आणि ते होईना. आजारी नव्हतो. दुखत काही नव्हतं. फोन वाजत राहिला आणि मी छताकडे बघत राहिलो. मग आयलीची पावलं ऐकू आली. तिने फोन घेतला आणि अगदी बेव्हसारख्या कामाच्या आवाजात म्हणाली, “बाबा रस्त्यावरच आहेत, सर. टेकडीवर खूप साचलंय म्हणाले. बस जाणार नाहीत.” ठेवला. मग स्वतःहून गॅरेजला लावला आणि माझ्या मुकादमाला, रस्टीला, म्हणाली, “बाबांना ताप आहे, उठवत नाहीये.” मी वर पडून सगळं ऐकत होतो. उठून तिला थांबवावं असं मनात आलं नाही. वाईटही वाटलं नाही. वाईट पुष्कळ नंतर वाटलं.

आणि वादळ आलंच नाही. तळ्यावरच कुठेतरी वळून पलीकडे गेलं. उजाडलं तेव्हा आकाश इतकं स्वच्छ की डोळे दिपावेत. टेकडीचा रस्ता कोरडा ठणठणीत होता. सगळ्या बस शाळेमागे रांगेने उन्हात उभ्या, आणि पेनहेल म्हणे मैदानात कमरेवर हात ठेवून आकाशाकडे बघत होता. गावभर पोरं घसरगाड्या घेऊन हिंडत होती. ज्यांनी चमचे ठेवले होते त्यांची तर खात्रीच पटली. आयली मात्र बाहेर पडली नाही. तिच्या मैत्रिणी दारात येऊन हाका मारून गेल्या. ती खाली बसून ट्रॉम्बोन वाजवत राहिली. दोन ओळी वाजवायची आणि मध्येच थांबायची. पुन्हा वाजवायची, पुन्हा थांबायची. मला वाटलं, अवघड जागा असेल. संध्याकाळपर्यंत असंच चाललं होतं. ती अवघड जागा नव्हती, कोरिन. ती थांबून वर माझ्या खोलीतून काही आवाज येतो का ते ऐकत होती.

पोरीने एकच चूक केली. शाळेला सांगितलं बाबा रस्त्यावर आहेत, आणि गॅरेजला सांगितलं बाबा तापाने पडलेत. आपल्या गावात पेनहेल आणि रस्टी रोज एकाच बाकावर बसून कॉफी पितात हे ती विसरली. दुसऱ्या दिवशी तिथेच उलगडा झाला. आधी चेष्टा झाली, ती मला नंतर कळली. “डेलच्या ट्रकवर तेवढा बर्फ पडला आणि बाकी गावाला चुकवून गेला काय?” असं कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मग रस्टी हसायचा थांबला. त्याने पेनहेलला बाजूला घेऊन माझ्याबद्दल सांगितलं की डेल यंदा हरणाच्या शिकारीलाही आला नाही, डबा तसाच परत नेतो, आणि गाडी चालवतो ती बरोबर चालवतो, पण काम संपल्यावर उतरत नाही, तिच्यातच बसून राहतो.

त्या संध्याकाळी पेनहेल आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. कोट काढला नाही, कॉफी मात्र घेतली. आयलीला समोर बसवलं. “पोरी, अख्ख्या गावाला सुट्टी देण्याचा अधिकार मला पगार घेऊनही नीट वापरता येत नाही. तू एका फोनवर दिलीस. का दिलीस ते सांग.” ती म्हणाली, अंदाजच तसा होता. त्याने कॉफीचा घोट घेतला. ती म्हणाली, गणिताची चाचणी होती. त्याने आणखी एक घेतला. मग ती टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, “मला त्या दिवशी शाळेत जायचं नव्हतं. घरी कोणीतरी असायला हवं होतं.” मी तिथेच, गॅसपाशी उभा होतो. पेनहेलने तिला शिक्षा म्हणून आठवडाभर मधल्या सुट्टीत बेव्हच्या हाताखाली बसवलं आणि जाताना मला दारात म्हणाला, “डेल, उद्या मी तुला दवाखान्यात घेऊन जाणार आहे. विचारत नाहीये.” मी ‘बरं’ म्हटलं. मला नाही म्हणायचाही कंटाळा होता.

पत्रकात मधेच हरवलं-सापडलंच्या टेबलाबद्दल लिहिलंय. एकेकटे हातमोजे, मफलर, एक पूर्ण कोट, महिनाअखेर कोणी नेलं नाही तर चर्चला देऊन टाकणार. पेनहेल आला होता त्याच आठवड्यात मला कळलं की आपल्या घरातूनही एक वस्तू गेली आहे. जिन्याखालच्या कपाटात माझी शिकारीची बंदूक नव्हती. आयलीला विचारलं तर ती लालबुंद होऊन ताटल्या विसळायला लागली. वायनोकडे गेलो. म्हातारा म्हणाला, “तुझी पोरगी नाताळाआधी घेऊन आली. म्हणाली, बाबांनी तेलपाणी करायला दिली आहे. मी म्हटलं, ठेव. माझ्या कपाटात आहे. किल्ली माझ्याजवळ आहे आणि तू ती मागू नकोस.” मी मागितली नाही. खरं सांगतो, तसलं काही माझ्या मनात नव्हतं. कशाचंच काही मनात नव्हतं. पण तिला ते कसं कळणार? ती बर्फातून ती जड बंदूक उचलून, माझे ढगळे बूट घालून वायनोच्या दारापर्यंत चालत गेली असेल. मी तेव्हा घरातच असणार आणि मला पत्ता लागला नाही. आधी हे तिने केलं, मग ती तुझ्याकडे यायला निघाली. तिकडे आठवडाभर फळं खाताना ती कशी राहिली असेल याचा विचार मला करवत नाही.

डॉक्टरीण बाई तरुण आहे, बाहेरगावची. तिने आधी तेच विचारलं, बायको गेल्यावर सुरू झालं का? मी म्हटलं, नाही, हे होतं म्हणून बायको गेली. हे तुला लिहून कळवायचं होतं. तू असताना मला ते म्हणता आलं नाही. गोळ्या दिल्या आहेत, रोज सकाळी घ्यायच्या, आणि दर मंगळवारी जाऊन तिच्याशी बोलायचं, म्हणजे ती विचारते आणि मी ‘हं’ म्हणतो. ती म्हणते, चालेल, हळूहळू लांब होतील वाक्यं. रस्टीने मला काही दिवस गाडीवरून उतरवून गॅरेजात बर्फाच्या गाड्यांची पाती घासायला बसवलं होतं. आता पुन्हा टेकडीचा रस्ता दिलाय, पण सोबत एक जण असतो. तो सारखा सूर्यफुलाच्या बिया खातो. त्याच्या तोंडाच्या आवाजाचा मला राग येतो. डॉक्टरीण बाईला सांगितलं तर ती खूश झाली. राग आला हे चांगलं लक्षण म्हणे.

झोपलेल्या अस्वलाने कूस बदलली की हिवाळा अर्धा सरला, त्या अस्वलाच्या दिवसाची बातमी पत्रकात फोटोसकट आहे, आणि फोटोत आपली लेक आहे, फक्त दिसत नाही. यंदा आठवीने तिला अस्वल केलं होतं. तोच तो जुना केसाळ अंगरखा, ज्याला ओल्या कुत्र्याचा वास येतो. घसरगाडीवर झोपवून मुख्य रस्त्याने ओढत आणली, मागे बँड, मागे सगळी शाळा. शाळेच्या पायऱ्यांपाशी आल्यावर सगळे गप्प झाले आणि पोरं हळू आवाजात म्हणायला लागली, वळ, वळ. तुला ठाऊकच आहे, अस्वल जितका वेळ लावेल तितकी मजा. तिने फार वेळ लावला. लोकांना वाटलं, झोपली की काय. मग एकदम कुशीवर वळली आणि टाळ्या पडल्या, हिवाळा अर्धा सरला. मला आनंद झाला असं मी लिहिणार नाही. पण उभं राहून राहून माझे पाय गारठले होते आणि ते मला जाणवत होतं. बऱ्याच दिवसांत असं काही जाणवलं नव्हतं.

गेल्या गुरुवारी पुन्हा वादळाचा अंदाज होता. मी फोन वाजायच्या आधीच उठून स्वयंपाकघरात बूट चढवत होतो. रस्टीच्या माणसाने टेकडीचा रस्ता कसा आहे ते कळवलं होतंच. फोन वाजला, मी घेतला. पेनहेल म्हणाला, “तूच बोलतोयस ना रे?” मी म्हटलं, “मीच. चर्चपर्यंत साफ आहे, पुढचा बर्फ मी आता काढतो, बस जातील.” ठेवून वळलो तर दारात आयली उभी. केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले आणि अंगात उलटा घातलेला पायजमा, शिवणी बाहेर. हातात चमचा. “बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही ना, अगदी हे आहात.” आणि पाय आपटत झोपायला गेली. या हिवाळ्यात पहिल्यांदाच तिला सगळ्या पोरांसारखी नुसती सुट्टी हवी होती. मला रडू आलं, कोरिन. गाडीत बसल्यावर आलं आणि बियावाल्याने बघितलं. त्याने बियांची पुडी माझ्यापुढे केली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलं, म्हणून मी ते येऊ दिलं.

आता शेवटची सूचना. आठवीच्या सहलीसाठी मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी विकणं चालू आहे, पालकांनी शनिवारी शाळेच्या स्वयंपाकघरात हात लावायला यावं. मी काल गेलो. तुझी जागा अजून रिकामीच असते, खिडकीजवळची. मला तिथेच उभं केलं, कडा दुमडायला. “कोरिनच्या कडा कशा वेणीसारख्या असायच्या, तुझ्या बघ, कुत्र्याने चावल्यासारख्या,” बेव्ह म्हणाली. सारण सगळीकडून बाहेर येत होतं. बायका हसत होत्या, मीही थोडा हसलो. कोणीतरी आयलीला विचारलं, “काय ग, पुढच्या वर्षी कुठे? इथे की आईकडे उन्हात?” ती कांदा चिरत होती. वर न बघता म्हणाली, “इथेच. मी गेले तर बाबांचा फोन कोण घेणार?” सगळे खळखळून हसले, कारण सुट्टीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तीही हसली. डोळ्यांत पाणी होतं, पण कांद्याने सगळ्यांच्याच होतं. मी माझ्या हातातली पेस्टी तशीच खाली ठेवली.

तर हे पत्र त्यासाठी आहे. आपलं ठरलेलं तू मोड. मी मोडायला सांगतोय म्हणून मोड. तू विचारत नाहीस, कारण तू शब्दाची पक्की आहेस. पण तिला वाटतं, ती तुला तिकडे हवी आहे की नाही कोण जाणे, आणि मला मात्र ती नक्की हवी आहे, कारण माझ्याजवळ दुसरं कोणी नाही. मला हवी आहेच. ती गेल्यावर हे घर कसं असेल याचा विचार मी मंगळवारी करतो, डॉक्टरीण बाईसमोर, इतर दिवशी करत नाही. पण तिने इथे राहायचं तर मुलगी म्हणून राहायचं होतं, आणि ती माझ्यावर पहारा द्यायला राहते आहे. हे पत्र मिळालं की तिला फोन कर, येत्या रविवारी जमलं नाही तर पुढच्या, पण सही द्यायच्या आधी कर. आडून आडून विचारू नकोस. सरळ म्हण, मला तू इथे हवी आहेस, खोली तयार आहे, ये. नाही म्हणाली तर पुन्हा म्हण. मी पलीकडून ऐकत असेन आणि मधे बोलणार नाही. मी लिहिलं हे आत्ता तिला सांगू नकोस. ती तिकडे आली की सुरुवातीचे बरेच दिवस पहाटे उठून बसेल. उजाडायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन फोनकडे बघत उभी राहील. तिला रागावू नकोस. खांद्याला धरून पुन्हा अंथरुणात नेऊन घाल आणि तेव्हा सांग, की झोप, आता फोन बाबा घेतात.

तुझाच, दुसरा शब्द सापडला नाही म्हणून,
डेल